पाकट आणि सील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुलना नेमक्या कोणत्या पाकटाची आणि कोणत्या सीलची?

हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण ‘पाकट’ या एका नावाखाली दोनशेच्या आसपास जाती येतात आणि खऱ्या सीलच्याही दीड डझन जाती आहेत. इथे एका बाजूला आहे सदर्न स्टिंगरे, म्हणजे दक्षिणी पाकट. शास्त्रीय नाव हायपॅनस अमेरिकॅनस. जुन्या पुस्तकांत हेच पाकट डॅसिॲटिस अमेरिकाना या नावाने सापडेल. २०१६ साली वर्गीकरण बदललं तेव्हा नावही बदललं. दुसऱ्या बाजूला हार्बर सील, म्हणजे फोका व्हिट्युलिना. ‘व्हिट्युलिना’चा अर्थ वासरासारखी. पाण्यातून वर आलेलं ते गोल डोकं आणि टपोरे डोळे पाहिले की नाव ठेवणाऱ्याला वासरू का आठवलं असेल ते कळतं.

हीच जोडी घेण्याचं कारण असं की दोघंही किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात वावरतात, दोघंही तळाशी चरतात आणि आकारानेही एकमेकांच्या फार मागेपुढे नाहीत. शिवाय नकाशावर त्यांच्या हद्दी एका ठिकाणी एकमेकींना भिडतात. ते ठिकाण पुढे येईलच.

सील हा मासाच ना? लोक तर ‘सील मासा’ म्हणतात.

म्हणतात खरं, जसं ‘देवमासा’ म्हणतात तसंच. पण सील सस्तन आहे. अंगावर केस, छातीत फुप्फुसं, पिल्लाला दूध. कुत्रा, अस्वल, मुंगूस ज्या मांसभक्षक गणात मोडतात त्याच गणातलं हे जनावर आहे आणि त्याचे पूर्वज जमिनीवर चालायचे. कॅनडाच्या उत्तर टोकाला डेव्हन नावाचं बेट आहे. तिथे २००७ साली एका प्राण्याचा सांगाडा मिळाला. त्याला पुइजिला असं नाव दिलं. वय दोन कोटी वर्षांहून जास्त. अंगाने पाणमांजरासारखा, लांब शेपटीचा आणि चार धड पायांचा, पण कवटी पाहिली तर सीलच्या घराण्यातली. पाण्याकडे निघालेल्या या घराण्याचे पाय अजून वल्ही झाले नव्हते, तेव्हाचा हा पाहुणा.

पाकट मात्र मासाच. शार्कच्या घरातला, हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेला.

म्हणजे पाकट आणि बाकीचे मासे एका बाजूला, सील दुसऱ्या बाजूला, असंच ना?

नाही, आणि या सगळ्या तुलनेतला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. हेरिंग घ्या. साधा हाडांचा मासा, हार्बर सीलचं आवडतं भक्ष्य. आता हेरिंग, पाकट आणि सील या तिघांची वंशावळ मांडली, तर सगळ्यात आधी वेगळं निघतं ते पाकटाचं घराणं. ही फूट चाळीस कोटी वर्षांहून जुनी आहे. त्यानंतरही हेरिंगचे आणि सीलचे पूर्वज बराच काळ एकच होते, कारण हाडांच्या माशांच्याच एका शाखेतून पुढे चार पायांचे प्राणी निघाले. थोडक्यात, हेरिंग हा सीलचा जवळचा भाऊबंद आहे आणि पाकटाचा लांबचा. सील हेरिंग खातं तेव्हा ते आपल्या भावकीतलंच कुणीतरी खात असतं.

त्यामुळे पाकट आणि सील यांच्यात जे जे सारखं दिसेल ते वारशाने आलेलं असेलच असं नाही. समुद्राने दोघांना सारखीच कोडी घातली आणि दोघांनी ती आपापल्या घरातल्या सामानाने सोडवली, असं बऱ्याचदा निघतं. पुढची उत्तरं वाचताना हे ध्यानात असू द्या.

आकाराने मोठं कोण?

कोणाशी तुलना करताय त्यावर आहे. दक्षिणी पाकटाची मादी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दीड मीटर रुंद होऊ शकते, नर मात्र जेमतेम ६५-७० सेंटिमीटरवर थांबतो. म्हणजे नवराबायकोच्या जोडीत नवरा निम्मा. हार्बर सीलमध्ये उलट, नर थोडा मोठा, साधारण पावणेदोन-दोन मीटर लांब आणि वजनाने शंभर किलोच्या पुढे. फरक फारसा नाही. लांबून पाहणाऱ्याला नर-मादी ओळखता येत नाहीत.

पाकट वाळूत पुरून घेऊन श्वास कसा घेतं?

पाकटाचं तोंड आणि कल्ल्यांच्या फटी पोटाच्या बाजूला असतात. वाळूवर पोट टेकून बसलेल्या प्राण्याने तोंडातून पाणी ओढलं तर कल्ल्यांत वाळू जाणार. म्हणून डोळ्यांच्या लगेच मागे दोन भोकं असतात, श्वासरंध्रं. त्यांच्यातून वरचं स्वच्छ पाणी आत येतं, कल्ल्यांवरून फिरतं आणि खालच्या पाच-पाच फटींतून बाहेर जातं. वाळूत लपलेल्या पाकटाचे बऱ्याचदा एवढेच अवयव दिसतात: दोन डोळे आणि मागे उघडझाप करणारी दोन भोकं. पाण्यात उतरणाऱ्याने पाहायला शिकावं ते हेच.

आणि सील? ते पाण्याखाली किती वेळ राहतं?

नेहमीच्या बुड्या काही मिनिटांच्याच असतात. गरज पडली तर अर्ध्या तासाच्या आसपास जाण्याची क्षमता आहे.

आपण बुडी मारताना छाती भरून श्वास घेतो. सील बुडीआधी श्वास सोडतं! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उफराटं वाटतं. पण सीलचा साठा फुप्फुसांत नसतोच. तो असतो रक्तात आणि स्नायूंत. शरीराच्या मानाने त्याच्याकडे रक्त भरपूर, आणि स्नायूंत ऑक्सिजन धरून ठेवणारं मायोग्लोबिन इतकं की मांस काळपट लाल दिसतं. फुप्फुसांत हवा भरून खोल गेलं तर दोन तोटे: एक म्हणजे अंग वर उचललं जातं, आणि दुसरं म्हणजे दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळून वर येताना त्रास देतो. पाणबुड्यांना होणारा तोच त्रास. त्यामुळे हवा बाहेरच ठेवून जायचं. खाली गेल्यावर हृदयाची गती निम्म्याहूनही खाली येते आणि रक्त मुख्यतः मेंदू व हृदय यांनाच पुरवलं जातं. बाकीच्या अवयवांनी तोवर उधारीवर भागवायचं.

पाकटाला यातलं काहीच करावं लागत नाही. ते जन्मभर वर न येता जगू शकतं. सीलला मात्र कितीही तरबेज झालं तरी नाक वर काढावंच लागतं.

थंडीचं काय?

पाकटाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा थंड. म्हणून ते कोमट पाण्यात राहतं, आणि हद्दीच्या उत्तर भागात फक्त उन्हाळ्यात दिसतं. सीलचं रक्त आपल्यासारखंच ३७-३८ अंशांवर, कातडीखाली चरबीचा जाड थर. म्हणून त्याला उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकची गार पाणी चालतात. ऊब राखायला मग खाणंही तसंच लागतं. गरम रक्त फुकट मिळत नाही.

दोघंही खाऱ्या पाण्यात तहान कशी भागवतात?

सील समुद्राचं पाणी फारसं पीत नाही. माशांच्या अंगातलं पाणी आणि चरबी पचताना तयार होणारं पाणी यावर त्याचं भागतं, आणि त्याची मूत्रपिंडं लघवी अतिशय दाट करतात.

पाकटाची युक्ती वेगळीच. आपण जो युरिया लघवीवाटे टाकून देतो तो ते रक्तात साठवून ठेवतं, इतका की त्याचं रक्त समुद्राच्या पाण्याला तोडीस तोड दाट होतं. मग समुद्र त्याच्या अंगातलं पाणी ओढू शकत नाही. जास्तीचं मीठ आतड्याच्या शेवटाला असलेली एक ग्रंथी बाहेर टाकते. मेलेल्या पाकटाला अमोनियाचा उग्र वास येतो तो याच युरियामुळे.

अंधारात किंवा गढूळ पाण्यात भक्ष्य कसं सापडतं?

इथे दोघंही आपल्यापेक्षा फार पुढे आहेत आणि दोघांचे रस्ते अगदी निराळे.

पाकटाचे डोळे पाठीवर, तोंड पोटाखाली. आपण काय खातोय ते त्याला आयुष्यात कधी दिसत नाही. पण तोंडाभोवतीच्या कातडीवर बारीक छिद्रं असतात, आत जेलीने भरलेल्या नळ्या, आणि नळीच्या तळाशी विजेची जाणीव असलेल्या पेशी. स्टेफानो लोरेन्झिनी या इटालियन वैद्याने १६७८ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना लोरेन्झिनीच्या कुप्या म्हणतात. त्या नेमकं काय करतात हे उलगडायला मात्र विसावं शतक उजाडलं. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या अंगातून अगदी क्षीण वीज पाझरते. वाळूखाली दडलेला खेकडा, कोळंबी किंवा किडा कितीही निपचित पडून राहिला तरी ही वीज त्याला थांबवता येत नाही. पाकट त्याच्यावर येऊन थांबतं, पाण्याचे फवारे मारून आणि पंख फडफडवून वाळू उडवतं, आणि चपट्या दातांच्या पाट्यांनी कवचासकट चुरा करतं.

सीलकडे वीज ओळखायचं साधन नाही. त्याच्याकडे मिशा आहेत. मासा पोहत गेला की पाण्यात मागे भोवऱ्यांची एक वाट राहते, मासा दिसेनासा झाल्यावरही काही वेळ टिकणारी. सील मिशांनी ती वाट हुंगतं म्हणा हवं तर. जर्मन संशोधक गुइडो डेनहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००१ साली हे प्रयोगाने दाखवलं: सीलचे डोळे झाकले, कानांवर आवाज बंद करणारं साधन बसवलं आणि पाण्यात एक छोटी खेळण्यासारखी पाणबुडी सोडून बंद केली. सील तिच्या मागावर वळणावळणाने बरोबर गेलं. मिशा झाकल्या की मात्र काही जमेना.

बारकावा पाहायचा तर हार्बर सीलची एक मिशी भिंगाखाली बघा. ती सरळ दोऱ्यासारखी नसते, तिच्या कडा नागमोडी असतात. गुळगुळीत मिशी पाण्यात वेगाने ओढली तर स्वतःच थरथरेल आणि त्या थरथरीत माशाची खूण हरवेल. नागमोडी मिशी जवळपास स्थिर राहते.

पाकटही पिल्लांना दूध देतं असं वाचलं. खरं आहे?

अर्धं खरं, आणि ते अर्धंही चकित करणारं आहे.

दक्षिणी पाकट अंडी बाहेर घालत नाही. अंडी पोटातच उबतात, पिल्लं आधी बलकावर वाढतात. बलक संपला की गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवरच्या बोटांसारख्या झालरी एक दाट, स्निग्ध, प्रथिनयुक्त द्रव पाझरू लागतात आणि पिल्लं तो पितात. शास्त्रज्ञ त्याला गर्भाशयातलं दूधच म्हणतात. वार नाही, नाळ नाही, स्तन तर नाहीतच, तरी आईच्या अंगातून पिल्लाच्या तोंडात पोषण जातं. साधारण दोन ते दहा पिल्लं एका वेळी जन्मतात, पंख गुंडाळलेले, शेपटीचा काटा मऊ आवरणात झाकलेला. आईला इजा होऊ नये म्हणून ही सोय. जन्मल्या क्षणापासून पिल्लाचं पिल्लू आणि आईची आई. परत भेट नाही.

सीलचं खातं याच्या उलट. पिल्लू एकच. मिलन झाल्यावर गर्भ दीड-दोन महिने वाढ थांबवून नुसता तरंगत राहतो, मग गर्भाशयाला चिकटतो. त्यामुळे पिल्लं दरवर्षी सोयीच्या हंगामातच जन्माला येतात. बऱ्याच सीलची पिल्लं पांढऱ्या लोकरीत जन्मतात, पण हार्बर सीलचं पिल्लू ती लोकर बहुधा पोटातच टाकून येतं, आणि जन्मल्यावर काही तासांत आईमागे पोहू लागतं. भरतीच्या वेळी बुडणाऱ्या खडकावर जन्मायचं तर हे जमायलाच हवं. दुधात चरबी चाळीस टक्क्यांच्या पुढे, साईपेक्षा दाट म्हणा. जन्मताना दहा-बारा किलोचं असलेलं पिल्लू चारेक आठवड्यांत दुप्पट होतं, आणि मग आई निघून जाते.

म्हणजे दूध दोघींचंही आहे. एकीने ते आत पाजलं, दुसरीने बाहेर.

पाकटाचा काटा किती धोकादायक?

काटा शेपटीवर असतो, कडांना उलटे दाते, वर पातळ कातडी आणि त्या कातडीत विष. पाकट कुणावर चाल करून जात नाही. पाय पडला, अडकवून धरलं, तरच शेपटी उसळते. वन्यजीवांवरच्या टीव्ही कार्यक्रमांसाठी गाजलेले स्टीव्ह अर्विन यांचा ४ सप्टेंबर २००६ रोजी ऑस्ट्रेलियात पाकटाच्या काट्याने मृत्यू झाला तेव्हा जगभर भीती पसरली. पण काटा थेट छातीत घुसला होता आणि ते पाकटही या जातीचं नव्हतं. असे मृत्यू फार विरळ.

पायाला काटा लागला तर दुखणं मात्र भयंकर असतं. हे विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून जखमेचा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर न जाता, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी किती गरम ते न दुखावलेल्या पायाने आधी पाहा, कारण दुखऱ्या पायाला भाजतंय हे कळत नाही. मग डॉक्टरांकडे जाच. तुटलेला तुकडा आत राहतो आणि जखम चिघळते. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो उपसू नका, तसंच दवाखान्यात न्या.

टाळायचं कसं? उथळ वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूतली थरथर कळली की पाकट स्वतःहून निघून जातं.

सील तर गोंडस दिसतं. त्याच्यापासून धोका नसावा?

माझ्या मते लोक इथेच फसतात. पाकटाला सगळे भितात, सीलजवळ सगळे जातात. सीलचे दात मांसभक्षकाचे आहेत, आणि त्याच्या चाव्यातून ‘सील फिंगर’ नावाचा संसर्ग होतो: बोट सुजतं, सांधा धरतो. पेनिसिलिनच्या कुळातली नेहमीची औषधं त्यावर चालत नाहीत, टेट्रासायक्लिन लागतं. म्हणून डॉक्टरांना ‘सील चावलं’ हे आवर्जून सांगायचं.

किनाऱ्यावर एकटं पिल्लू दिसलं तर ते सोडून दिलेलं आहे असं समजून उचलू नका. आई बहुधा शिकारीला गेलेली असते आणि माणसं घोळका करून उभी राहिली तर ती परत यायला कचरते. अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने सीलला त्रास देणं हा गुन्हाच आहे.

हुशार कोण?

सीलच्या बाजूने हूवरचं नाव घेतात. माणसांनी वाढवलेलं हे अनाथ हार्बर सील पुढे बॉस्टनच्या न्यू इंग्लंड मत्स्यालयात होतं आणि घोगऱ्या पुरुषी आवाजात इंग्रजी शब्दांची नक्कल करायचं. त्याची ध्वनिमुद्रणं आहेत, ऐकल्यावर हसू आवरत नाही. १९८५ साली ते गेलं.

पाकटांना लोक मठ्ठ समजतात ते चूक आहे. गोड्या पाण्यातल्या पाकटांच्या एका जातीला जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात एक मिळवायला आणि एक वजा करायला शिकवल्याचं संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं: आकृत्या निळ्या दिसल्या तर एक जास्त असलेलं चित्र निवडायचं, पिवळ्या दिसल्या तर एक कमी असलेलं. आणि दक्षिणी पाकटाचं उदाहरण कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावरचं. कोळी तिथल्या उथळ वाळूच्या पट्ट्यावर मासे साफ करून टाकाऊ भाग पाण्यात फेकत. पाकटं जमू लागली, मग त्यांना पाहायला पर्यटक. रात्री चरणारा हा प्राणी तिथे दिवसा जागा राहू लागला. याला हुशारी म्हणावं की लाचारी, हे ज्याने त्याने ठरवावं. मला तरी ते दृश्य पाहून पूर्ण आनंद होत नाही.

झुंज झाली तर कोण जिंकेल?

होणार नाही. सील मासे खातं, पाकट खेकडे-शिंपले. दोघांनाही एकमेकांत रस नाही.

पण मग त्यांची समोरासमोर गाठ पडते का?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर न्यू जर्सीच्या आसपास हद्दी भिडतात. दक्षिणेकडून येणाऱ्या पाकटाची ती उत्तर सीमा, उत्तरेकडून येणाऱ्या सीलची जवळपास दक्षिण सीमा. पण पाकट तिथे उन्हाळ्यात पोचतं आणि सील हिवाळ्यात. एकाच खोलीत पाळीपाळीने राहणाऱ्या दोन भाडेकरूंसारखं.

दोघांचे शत्रू कोण?

पाकटाचा हाडवैरी हातोडी शार्क. हा शार्क आपल्या रुंद डोक्याने पाकटाला तळाशी दाबून धरतो आणि पंखाचा लचका तोडतो. जबड्यात रुतलेले काटे घेऊन तो खुशाल फिरतो. सीलला मोठा पांढरा शार्क आणि ऑर्का, म्हणजे किलर व्हेल. ऑर्का दोन्ही घराण्यांना ठाऊक आहे: पॅसिफिकच्या ईशान्य किनाऱ्यावर ती हार्बर सील मारते, तर न्यूझीलंडजवळ तिथली पाकटं.

आज दोघांची स्थिती कशी आहे?

निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत हार्बर सील ‘कमी चिंतेचं’ आहे, दक्षिणी पाकट ‘संकटाच्या जवळ’. सीललाही तडाखे बसले आहेत. १९८८ आणि २००२ साली उत्तर युरोपात विषाणूच्या साथीने दर वेळी हजारोंनी सील मेली, तरी संख्या पुन्हा सावरली. पाकटांवर जाळ्यांचा ताण आहे आणि मोजदाद अपुरी. गोंडस चेहऱ्याच्या प्राण्यामागे कायदे आणि कार्यकर्ते उभे राहतात, चपट्या माशामागे कोण राहणार?

प्राणी दिसला नाही, तर त्यांच्या खुणा कशा ओळखायच्या?

सील खऱ्या अर्थाने चालत नाही. मागचे पाय पुढे वळत नसल्याने ते पोटावर अळीसारखं उसळ्या घेत सरकतं. ओल्या वाळूवर मधे पोटाचा रुंद पट्टा आणि दोन्ही बाजूंना पुढच्या पायांचे ठसे दिसले, तर सील येऊन गेलं. पाकटाची खूण ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूत: बशीसारखे उथळ खड्डे, एकापाठोपाठ एक. तळ उकरून जेवल्याच्या त्या जागा. पाणी असेल तेव्हा पाकटाच्या मागे छोटे मासे आणि कधी पाणकावळेही घुटमळतात, उडालेल्या वाळूतून काही हाती लागतंय का ते पाहत.